गोणपाटाखाली राखलेली जागा

१

हात धुऊन मागे लागलात सगळे. "एवढा मोठा माणूस चारचौघांत हात जोडून माफी मागतो, आणि हा म्हातारा तोंड फिरवून बसतो. आडमुठा कुठला!" ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. माझ्या बायकोनं तर बोलणंच टाकलंय. ताट समोर आदळते आणि निघून जाते.

मला हे सांगायचं नव्हतं. लिहायचं तर त्याहून नव्हतं. शाळेत मी फळा पाहिला तो पुसण्यापुरता. पुढचा जन्म रोपवाटिकेत गेला. कुंड्या भरल्या, कलमं बांधली, किडे मारले. पण आता विषय निघालाच आहे, तर एकदाच सांगतो. मधेच कुणी "असं कसं होईल" म्हणायचं नाही. असं कसं होईल ते मलाही कळत नाही. कळलं असतं तर गप्प बसलो असतो का मी?

गोष्ट धाकटीची आहे. धाकटी म्हणजे माझी मेहुणी, बायकोची पाठची बहीण. घरात बसून शिवणकाम करते. तिनं जे पाहिलं ते तिच्याच डोळ्यांनी सांगतो. शेवटी मीही होतो तिथं, तेवढं माझं.

तिचा नवरा माझा साडू. हयातभर लांब पल्ल्याच्या गाड्या हाकल्या, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात, बायकोसुद्धा. तोंडाचा फाटका. दोन शब्दांत तिसरी शिवी. आणि चूक कबूल करणं तर त्याच्या रक्तात नाही. एकदा गाडी उलटवली, डावा कोपर मोडला, तो वाकडाच जुळला. दोष कुणाचा? वळणाचा! "वळणच चुकीच्या जागी होतं," म्हणे. तेव्हापासून तो हात सरळ होत नाही. धाकटी त्याच्या शर्टाची डावी बाही आखूड बेतते आणि कोपरापाशी चुणी टाकते, नाहीतर कापड ताणून उसवतं.

त्या कोपराचा एकच उपयोग होता. चहा हवा असला की ड्रायव्हर त्या कोपरानं भिंत ठोकायचा. ठक ठक, ठक. पलीकडून धाकटी ओरडायची, "ऐकलं! पाडा आता भिंत!"

२

गाडी हाकणं सुटलं आणि ड्रायव्हर घरी बसला. बसला म्हणजे काय, पिंजऱ्यात वाघ. नळाला शिव्या, पंख्याला शिव्या, समोरच्याच्या कुत्र्याला शिव्या. धाकटी मागच्या खोलीत मशीनवर वाकलेली असायची, तिथंही येऊन उभा राहायचा. "धागा असा का? कात्री तशी का?"

एका सकाळी तिनं मशीनचं पायडल दाबलं आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं. उग्र वास सुटला. पाहते तो वाणी.

वाणी माहीत असेल तुम्हाला. काळपट तांबडा, पेन्सिलीसारखा गोल, अंगाखाली पायांची झालर. हात लावला की वेटोळं करून पडतो, म्हणून कुणी त्याला पैसा म्हणतात. गरीब प्राणी. कुजका पाला खातो, चावत नाही. ओल सोडून कोरड्या खोलीत आला की आपसूक वाळून मरतो. गोम वेगळी. ती चपटी, चपळ, चावरी, आणि दुसऱ्या किड्यांवर जगते. घरात गोमा दिसल्या तर समजावं की त्यांचं खाणं घरात आहे.

धाकटीनं पाय झटकला आणि हाक मारली, "अहो! किडे झालेत इकडे."

झालं! ड्रायव्हरच्या अंगात वारं शिरलं. इतक्या दिवसांत कुणी त्याला कामाचं काही सांगितलं नव्हतं. गुडघ्यावर बसून त्यानं खोलीभर शोध घेतला. कपाटामागे, उंबऱ्याशी, भिंतीच्या कडेला, वाणीच वाणी!

"आता बघ तू," तो हात चोळत म्हणाला. "एकेकाला हुडकतो साल्यांना!"

बऱ्याच दिवसांनी तो हसत होता. धाकटीला बरं वाटलं. मेले किडे तर किडे, निदान हे माझ्या डोक्यावरून उतरले, असं ती मनात म्हणाली.

३

उपाय त्यानं माझ्याकडूनच नेले होते, पण नाव कशाला घेईल! मागच्या बागेत भिंतीला लागून पाल्याचा ढीग होता, तो त्यानं उपसून लांब टाकला. गळका नळ दुरुस्त केला. कुजलेली फळी काढली. आणि शेवटचा उपाय म्हणजे ओलं गोणपाट. संध्याकाळी ओलं करून अंथरायचं, सकाळी उचलायचं. रात्रभरात वाणी ओलीला येऊन खाली गोळा होतात. सुपलीत भरायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे. औषध नको, फवारा नको.

एका गोणपाटावर त्याचं समाधान होईना. "आज सुटलेला एक किडा उद्या बाप होऊन येतो," म्हणाला. धाकटीनं रिकाम्या गोण्या उसवून एकमेकींना जोडल्या आणि खोलीभर पुरेल असं एक मोठं गोणपाट शिवून दिलं. दोघांनी धरून ते अंथरलं.

सकाळी चहाच्या आधी दोघं दाराशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सकाळी उठून दोघं मिळून एखाद्या गोष्टीकडे धावलेत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"तू तिकडून धर. घाई नको. हां, उचल!"

गोणपाट वर गेलं आणि धाकटी किंचाळली, पण आनंदानं. फरशी दिसतच नव्हती! काळ्या मण्यांचा गालिचा अंथरावा तसे वाणी. ड्रायव्हर नाचायचाच राहिला होता. सुपल्या भरभरून बादलीत ओतल्या.

"हा शेवटचा," म्हणाला तो.

शेवटचा कसला! दुसऱ्या दिवशी तितकेच. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. पाला नाही, ओल नाही, मग येतात कुठून? धाकटी बागेत जाऊन पाहून आली. बाग कोरडी ठणठणीत. मातीत एक वाणी नाही. म्हणजे बागेतून घरात येत नव्हते ते. ते खोलीतच होते.

आणि एका सकाळी गोणपाट उचललं, तर मधोमध जागा रिकामी.

४

"इथं का नाही बसले?" ड्रायव्हरनं डोकं खाजवलं.

सगळ्या फरशीवर वाणी दाटीवाटीनं, एकावर एक. मधे मात्र लांबट, वेडावाकडा तुकडा स्वच्छ. इतका स्वच्छ की फरशी चकाकत होती.

धाकटी डोक्यानं पक्की. तिनं विचार केला, साबणाचं पाणी सांडलं असेल. नाहीतर खडूची भुकटी, मी कापडावर खुणा करते तीच. तिनं ती जागा घासली, धुतली, पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा, तशीच. तिनं मशीन सरकवलं, गोणपाट फिरवून उलटं अंथरलं. जागा तिथंच. उलट कडा जास्त रेखीव.

कडेला आता गोमा होत्या. मोठ्या, पिवळ्या पायांच्या. एकामागे एक, मधे बोटभर अंतर सोडून, रिकाम्या जागेच्या काठाकाठानं पडलेल्या. कापडाला धावदोरा घालावा तशा. शेजारी इतकं खाणं पडलेलं, पण एकीनंही तोंड लावलं नव्हतं. पळतही नव्हत्या. नुसते पाय हलत होते, सगळ्यांचे एकाच दिशेला.

ड्रायव्हरला कौतुक! "काय शिस्त आहे बघ! आमच्या डेपोत असती तर!"

धाकटी मात्र त्या आकाराकडे बघत होती. शिवणाऱ्या बाईची नजर. कापडाचा तुकडा पाहिला की पाठ कुठली, बगल कुठली, ते तिला सांगावं लागत नाही. तिला खांदा दिसला. कुशीवर झोपलेल्या माणसाची पाठ दिसली. पोटाशी घेतलेला एक गुडघा दिसला. आणि एका बाजूला बाहेर काढलेलं टोक.

नवरा बादली रिकामी करायला गेला, तेव्हा तिनं कपाटातून त्याच्या शर्टाचा बेतायचा कागद काढला. पाठ आणि आखूड डावी बाही. हात लांब करून तिनं तो रिकाम्या जागेवर सोडला.

कागद बसला. खांद्याला खांदा, बगलेला बगल. कुठं चिमूटभर कमी नाही, चिमूटभर जास्त नाही. चुणी टाकतात तिथं ते टोक होतं.

मागून आवाज आला, "अगं, हा मी!"

ड्रायव्हर दारात उभा. तिला वाटलं, आता घाबरेल. तो टाळ्या पिटायला लागला. "माझी जागा राखलीय गं! गाडीत रुमाल टाकून राखतात ना, तशी!"

५

धाकटी तडक माझ्याकडे आली. धाप लागलेली, डोळे मोठे. "दाजी, चला. आत्ता चला. काही विचारू नका."

मी गेलो. पाहिलं. किड्यांत आयुष्य काढलंय मी, पण मानेवरचा केस न् केस उभा राहिला. तरी डोकं चालवलं. वाणी ओल शोधतो, उजेड टाळतो. त्याला माणसाशी घेणं ना देणं. मग? फरशीखाली पोकळी असेल, ऊब असेल, काहीही असेल. कारण नंतर शोधू, आधी खोली मोकळी करू.

"मागचं दार सताड उघडं ठेव," मी ड्रायव्हरला म्हणालो. "गोणपाट काढ. दोन दिवस ऊन-वारा येऊ दे. जायचे ते जातील. ते गेले की मग फटी बुजव. आधी हाकलायचं, मग बुजवायचं. उलटं केलंस तर आतले आतच राहतील."

"आतच ठेवायचेत मला," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. एका हातात थापी, पाटीत कालवलेलं सिमेंट. "एकूण एक फट बुजवतो. एकसुद्धा सुटता कामा नये. आज पुरा माल गोळा होणार!"

"आणि त्या जागेचं काय?"

"जागा माझी आहे. तुमच्या पोटात का दुखतंय?"

"अरे, मी या कामात..."

"तुम्ही?" तो खदखदून हसला. "तुमच्या हातून निवडुंग मेला, साडूबुवा! निवडुंग! त्याला मारायला अक्कल लागते. आले मोठे किड्यांचे वैद्य! तुम्ही घरात पाऊल टाकलंत की माझ्या बायकोला भास व्हायला लागतात. चला, निघा!"

निवडुंग मेला ही गोष्ट खरी. पण तो कुणाच्या सिगारेटनं मेला, ते मला ठाऊक आहे.

मी हललो नाही, तर त्यानं वाकडा कोपर माझ्या छातीत घातला आणि ढकललं. मी धडपडलो, चष्मा उडून खोलीत पडला. दार माझ्या नाकावर आपटलं. आतून कडी.

म्हाताऱ्या माणसाला ढकललं त्यानं. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला! मी पुढच्या पायरीवर जाऊन बसलो. म्हटलं, बाहेर येऊ दे. माफी घेतल्याशिवाय उठत नाही.

६

धाकटी स्वयंपाकघरात उभी होती. भिंतीपलीकडून थापीचा आवाज येत होता, खरवड खरवड. मधेच शीळ. खुशीत होता गडी.

मग थापी थांबली. बादलीतून पाणी ओतल्याचा आवाज. गोणपाट ओढल्याचा आवाज. मग काही नाही.

चहाची वेळ झाली. तिनं आधण ठेवलं आणि भिंतीकडे पाहत राहिली. आता ठोकेल. आधण उकळलं. आता ठोकेल. आधण आटलं. भिंत गप्प.

"दाजी," ती दारात येऊन म्हणाली. "त्यांनी चहा मागितला नाही."

ऐन दुपार. ऊन लख्ख. मी खांदा लावला, कडी उचकटली, दार उघडलं. खिडकी बंद, पण काचेतून उजेड भरपूर. सगळ्या फटींवर ओल्या सिमेंटचे पट्टे. मागच्या दारालासुद्धा. खोलीभर गोणपाट. आणि मधोमध गोणपाटाला उंचवटा. कुशीवर झोपलेल्या माणसाचा.

"आलीस?" खालून आवाज आला. आनंदी, अगदी पोरासारखा. "बघ गं, कुठं आखूड नाही, कुठं ढगळ नाही. तुझ्यापेक्षा बरा शिंपी मिळाला!"

"उठा!" धाकटी ओरडली. "उठा आधी! थट्टा पुरे!"

"थोडं राहिलंय. कडा शिवतायत."

ते ऐकलं आणि तिनं एका हातानं गोणपाटाची शिवण धरून ओढली. तिनंच घातलेली शिवण ती, टराटर उसवली. खालून हात बाहेर आला. डावा. मी मनगट धरलं आणि होता नव्हता तो जोर लावला.

तो कोपर माझ्या हातात सरळ झाला.

मोडला नाही. कट वाजलं नाही. ओल्या दोरीचा पीळ सुटावा तसा सुटला, आणि मागोमाग अख्खा माणूस सर्रकन बाहेर आला. उभा राहिला. अंगावर एक किडा नाही, मातीचा डाग नाही. चेहरा शांत. गोणपाट त्याच्या मागे खाली पडलं.

पडलं, पण बसलं नाही.

खांदा तसाच वर होता. पाठ होती. पोटाशी घेतलेला गुडघा होता. आणि एका बाजूला गोणपाटाला तंबूसारखं उचलून धरलेलं टोक, वाकडा कोपर. गोणपाटाच्या चारी कडा हळूहळू हलत होत्या, सगळ्या एकाच दिशेला.

माझा चष्मा नव्हता म्हणाल. नव्हता. पण धाकटीचे डोळे सुईत दोरा ओवतात. तिनं माझं मनगट पकडलं ते अजून निळं आहे.

मी पुढे झालो. म्हटलं, उचलतोच. तर तो मधे आला. हळूच, अदबीनं. माझा चष्मा त्यानं सदऱ्याला पुसून माझ्या हातात ठेवला.

"राहू द्या, दाजी," तो म्हणाला. "चुकलंच माझं. तुम्हाला ढकलायला नको होतं. मला माफ करा."

आम्हा दोघांना बाहेर नेऊन त्यानं दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

७

तेव्हापासून घर कसं सुतासारखं सरळ चाललंय. शिवी नाही, आवाज नाही. लोकांसमोर मला हात जोडून पुन्हा पुन्हा माफी मागतो. शेजारी धाकटीला म्हणतात, "नशीब काढलंस बाई, नवरा किती सुधारला!" डाव्या हातानं तो माळ्यावरचे डबे काढून देतो. डॉक्टर म्हणाला, कधी कधी सांधा आपोआप मोकळा होतो. होत असेल. घरात किडा नाही, बागेतही नाही. मुंगीसुद्धा नाही.

धाकटीनं त्याला नवा शर्ट शिवला. दोन्ही बाह्या सारख्या. जुना कागद तिनं उशाखाली ठेवलाय.

चहा तो मागत नाही. दिला की पितो, घोटाचा आवाज न करता. आणि तो समोर बसून चहा पीत असतानाच भिंतीपलीकडून येतं, ठक ठक, ठक.

तो कप तोंडाशी धरून थांबतो. तिच्याकडे पाहून हसतो. "उंदीर असेल," म्हणतो.

चार दिवसांपूर्वी तो बागेत असताना तिनं मला बोलावलं. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला. ती म्हणाली, "दाजी, हेच आत असतील तर भिंत फोडू. पण हे नसतील आणि फोडली, तर काय बाहेर येईल?"

रडत नव्हती. डोळे तापलेले, हातात पहार. खरं सांगतो, माझंही रक्त सळसळत होतं. या वयात!

मी म्हटलं, "थांब. मला ओळखता येईल." आणि भिंतीशी तोंड नेऊन म्हणालो, "ए! मला ढकललंस ना? माफी माग. मग काढतो बाहेर."

ठोकणं थांबलं. नुसती सळसळ. मग एकच दणका बसला, असा की गिलाव्याचा पोपडा माझ्या पायावर पडला.

धाकटी रडता रडता हसायला लागली. "हेच आहेत! दाजी, हेच!"

तोच. मरेल, पण माफी मागणार नाही. म्हणून आमचं ठरलंय. माफी येत नाही तोवर आत तो आहे. तो बाहेरचा परगावी जाईल त्या दिवशी भिंत फोडायची. पण त्याआधी आतून माफी आली, तर पहार परत ठेवायची आणि धाकटीला घेऊन ते घर सोडायचं.

मी रोज जातो, रोज मागतो, रोज दणका बसतो. काल बसला नाही. काल आतून हलक्या आवाजात कुणीतरी बोलायला लागलं. "दाजी..." एवढं आलं आणि मी कान काढून घेतला. पुढचं ऐकलंच नाही. धाकटीला म्हटलं, शिवी दिली त्यानं.

तर हात जोडून आला तो कोण, ते मला विचारू नका. त्याची माफी मी घेणार नाही. ज्यानं मला ढकललं त्याच्याकडून ती अजून यायची आहे, आणि त्यानं ती कधी देऊ नये. माझा साडू. ड्रायव्हर.